क्यूबअ‍ॅडम आणि क्यूबलेट: वर्कर नोड उभा करताना कोण काय करतं

कुबरनेटिस (अनेक मशीनचा एक गट, म्हणजे क्लस्टर, करून त्यावर कंटेनर चालवणारी सिस्टम) यासाठी वर्कर मशीन, म्हणजे प्रत्यक्ष कंटेनर चालवणारा नोड, तयार करायला घेतलं की कुठलंही गाईड तीन पॅकेजं एकाच ओळीत टाकायला लावतं, क्यूबलेट, क्यूबअ‍ॅडम आणि क्यूबसीटीएल, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. क्यूबसीटीएलचं सोडा, ते क्लस्टरला हुकूम द्यायचं टूल, तुमच्या लॅपटॉपवर असलं तरी भागतं, वर्करवर नसलं तरी काही अडत नाही. पण उरलेली दोन जोडीनेच येतात, म्हणून एकाच गोष्टीचे दोन भाग वाटतात, मग नोड आडवा झाला की "क्यूबअ‍ॅडम बंद पडलंय का बघ" असलं काहीतरी ऐकू येतं. अहो, बंद पडायला ते चालू कधी असतं?

क्यूबअ‍ॅडम म्हणजे नुसती कमांड. चालवली, काम झालं, संपली, मागे प्रोसेस वगैरे काही राहत नाही. क्यूबलेट मात्र सर्व्हिस आहे, लिनक्समध्ये सर्व्हिस चालवणारं सिस्टमडी तिला सांभाळतं, ती कंटेनरमध्ये नाही तर थेट मशीनवर चालते आणि नोड जिवंत आहे तोवर चालायलाच हवी. माझ्या वाट्याला कुठले पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरचा गठ्ठा) आलेत हे क्लस्टरचं मुख्य दार असलेल्या एपीआय सर्व्हरकडून कळून घ्यायचं, कंटेनर चालवणाऱ्या कंटेनरडीला सांगून ते सुरू करायचे, त्यांच्यावर लक्ष ठेवायचं, आणि साधारण दर १० सेकंदांनी "मी आहे" अशी हजेरी लावायची, हे सगळं क्यूबलेटचं काम. हजेरी थांबली की मिनिटभराच्या आतच नोड नॉटरेडी दिसतो, तसाच राहिला तर डिफॉल्टने ५ मिनिटांनी त्यावरचे पॉड हलवायची प्रोसेस सुरू होते. गंमत म्हणजे क्यूबलेट मेलं तरी आधीपासून चालू असलेले कंटेनर मशीनवर आरामात चालूच असतात, कारण ते कंटेनरडीच्या ताब्यात, फक्त क्लस्टरला त्यांची खबर लागत नाही.

आता जॉइन, म्हणजे मशीन क्लस्टरला जोडणारी कमांड. इथेच दोघांची खरी हद्द कळते. क्यूबअ‍ॅडम आधी मशीन तपासतं (रूट आहात का, १०२५० पोर्ट मोकळा आहे का, आयपी फॉरवर्डिंग चालू आहे का), मग टोकन (आत शिरायचा तात्पुरता परवाना) घेऊन एपीआय सर्व्हरला गाठतं, समोरचा क्लस्टर खरंच आपलाच आहे ना हे सर्टिफिकेटच्या हॅशवरून पडताळतं, क्यूबलेटची कॉन्फिग फाइल लिहितं आणि क्यूबलेट सुरू करतं. पुढचं क्यूबलेट स्वतःच करतं: टोकनच्या जोरावर स्वतःसाठी सर्टिफिकेट मागतं, मिळालं की स्वतःची नोड म्हणून नोंद करतं. म्हणजे नोडची नोंद जॉइन कमांड करतच नाही, ती फक्त सगळं जुळवून देते आणि क्यूबलेटचं होईपर्यंत थांबते.

म्हणूनच "टोकन २४ तासांत एक्सपायर होतं, मग माझे नोड उद्या बाहेर पडणार का" या भीतीत काही अर्थ नाही. टोकन लागतं ते आत शिरायला, नंतर क्यूबलेटकडे स्वतःचं सर्टिफिकेट असतं, ते डिफॉल्टने वर्षभराचं, आणि मुदत संपायच्या आधी तेच नवं मागून घेतं. नवा वर्कर जोडायचा असेल तर कंट्रोल प्लेनवर, म्हणजे क्लस्टर सांभाळणाऱ्या मुख्य मशीनवर, नवं टोकन बनवा, इतकंच.

आणखी एक हमखास गोंधळ. पॅकेज टाकल्यावर, जॉइन करायच्या आधी, क्यूबलेटचं स्टेटस बघितलं तर ते दर काही सेकंदांनी पडतंय आणि परत उठतंय असं दिसतं. लोक घाबरून सगळं काढून परत टाकतात. काही करू नका, कॉन्फिग फाइल अजून लिहिलीच गेलेली नाही तर ते चालणार कशावर, जॉइन होऊ द्या.

उलट केस जास्त त्रासदायक. नोड महिनाभर नीट चालला, मशीन रीबूट झालं आणि नॉटरेडी. बहुतेक जण परत जॉइन मारतात, ते म्हणतं फाइल्स आधीच आहेत, मग रीसेट (जॉइनने केलेलं पुसणारी कमांड), मग नवं टोकन, आणि क्यूबलेट तरीही उठत नाही! कारण काय तर स्वॅप (रॅमला जोड म्हणून वापरलेली डिस्कवरची जागा) फक्त तात्पुरता बंद केलेला, बूट होताना तो चालू करणारी एफएसटॅब फाइलमधली ओळ तशीच राहिलेली, रीबूटनंतर स्वॅप परत आला, आणि स्वॅप चालू असेल तर क्यूबलेट डिफॉल्टने सुरूच होत नाही. यात क्यूबअ‍ॅडमचा काडीचा संबंध नाही. जर्नलमध्ये (सिस्टमडीच्या नोंदवहीत) क्यूबलेटचा लॉग उघडला असता तर कारण तिथे स्पष्ट लिहिलेलं सापडलं असतं. माझं सरळ मत, जॉइन एकदा झालं असेल तर पुढच्या कुठल्याही दुखण्याला आधी जर्नल उघडा, क्यूबअ‍ॅडमला हातसुद्धा लावू नका.

अपग्रेडलाही हेच. वर्करवर क्यूबअ‍ॅडमने अपग्रेड केलं की फक्त क्यूबलेटची कॉन्फिग बदलते, क्यूबलेटचं पॅकेज वेगळं अपग्रेड करून सर्व्हिस रीस्टार्ट करावीच लागते, नोडच्या यादीत दिसतं ते व्हर्जन क्यूबलेटचंच असतं. आणि क्यूबलेट एपीआय सर्व्हरच्या पुढे जाऊन चालत नाही, त्यामुळे दोन्ही पॅकेजं होल्डवर ठेवा, म्हणजे आपोआप अपग्रेड होणार नाहीत.

नोड काढताना रीसेट मारलं की ते मशीन साफ करतं, तेही पूर्ण नाही, आयपीटेबल्सचे (लिनक्सच्या फायरवॉलचे) नियम आणि सीएनआयच्या (पॉडच्या नेटवर्क प्लगइनच्या) फाइल्स मागे राहतात. क्लस्टरमधली नोडची नोंद तर तशीच असते, ती क्यूबसीटीएलने वेगळी डिलीट करायची.