कोरियन स्वर दाराच्या जाळीवरून आलेले नाहीत

राजा सेजोंगने दाराच्या लाकडी जाळीकडे बघता बघता कोरियन अक्षरं रचली, ही गोष्ट अजूनही सांगितली जाते. ती खरी नाही. १४४३ साली तयार झालेली ही लिपी १४४६ मध्ये जाहीर झाली, तेव्हा तिची रचना उलगडून सांगणारा ग्रंथही निघाला होता. पुढे तो विस्मरणात गेला आणि तर्कांना मोकळं रान मिळालं. १९४० मध्ये कोरियातल्या आन्दोंग या गावी त्याची प्रत सापडली, तिथेच खरं तर हा वाद मिटला.

त्या ग्रंथानुसार स्वरांची मूळ चिन्हं तीन: गोल ठिपका म्हणजे आकाश, आडवी रेघ म्हणजे धरती, उभी रेघ म्हणजे माणूस. ठिपक्याची आज छोटी रेघ झाली आहे.

हे कळलं की वाचन फार सोपं होतं. नुसती उभी रेघ ‘ई’. तिच्या उजवीकडे छोटी रेघ आली की ‘आ’. डावीकडे आली की ‘ऑ’च्या जवळचा स्वर, पण ओठ गोल न करता. आडव्या रेघेच्या वर छोटी रेघ असेल तर ‘ओ’, खाली असेल तर ‘ऊ’. छोट्या रेघा दोन झाल्या की आधी ‘य’ लागतो: या, यो, यू.

नुसत्या आडव्या रेघेचा स्वर मराठीत नाही. ‘ऊ’ म्हणत राहा आणि जीभ न हलवता ओठ हसल्यासारखे ताणा, तो सापडेल. त्याला ‘उ’ म्हणून चालवून घेऊ नका, शब्दाचा अर्थ बदलू शकतो.