धुके (सातारा–सांगली परिसर)

जमिनीलगतच्या हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म जलथेंबांमुळे दृश्यमानता १,००० मीटरच्या खाली उतरली की त्या स्थितीला धुके म्हणतात. ती २०० मीटरच्या आत आली तर धुके दाट, ५० मीटरच्या आत आली तर अतिदाट. बोलीभाषेत 'धुई'. साताऱ्याकडे या एकाच शब्दात दोन निराळ्या गोष्टी येतात: जुलैत कास-महाबळेश्वरला दिवसभर दाटते ती, आणि डिसेंबरच्या पहाटे कराड, पलूस, मिरजेच्या मळ्यांवर उतरते ती. थेंब दोन्हींत सारखेच. हवा थंड होण्याची तऱ्हा वेगळी.

हवा जितकी गार, तितकी तिची बाष्प धरून ठेवण्याची ताकद कमी. २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते, १५ अंशांना १३ ग्रॅमच्या आसपास, १० अंशांना जेमतेम साडेनऊ. ज्या तापमानाला हवा बाष्पाने पुरती भरते तो तिचा दवबिंदू. त्याखाली पारा गेला की जादा बाष्प धूळ, धूर यांच्या कणांवर जमते आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे थेंब तयार होतात. शेतात उसाचे पाचट जाळले की असे कण वाढतात. थेंब संख्येने जास्त पण आकाराने बारीक होतात आणि तेवढ्याच पाण्यात धुके अधिक गडद दिसते.

कृष्णाकाठचे हिवाळी धुके जमिनीची उष्णता रात्री आकाशात निघून गेल्याने पडते. त्यासाठी निरभ्र आकाश, लांब रात्र, ओली जमीन आणि ताशी साधारण ३ ते ८ किलोमीटर वारा हे चारही जुळून यावे लागतात. ढग आले तर ते पांघरुणासारखी ऊब अडवतात. वारा जोरात असला तर वरची कोरडी, उबदार हवा खाली मिसळते. वारा अगदीच पडला तर फक्त जमिनीला चिकटलेला थर गार होतो आणि बाष्प पानांवर दव होऊन बसते. गारठा असूनही धुके न पडण्याचे हे नेहमीचे कारण. अवकाळी पाऊस होऊन आभाळ मोकळे झाले की त्या रात्री शक्यता सर्वांत जास्त.

इथे भूरचना मदतीला येते. डोंगरउतारावरची थंड, जड हवा रात्रभर ओघळून कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात साचते. वर उबदार आणि खाली गार अशी तापमानाची विपरीतता निर्माण होते, तिचे झाकण बसते. नदीचे पात्र आणि पाणी पाजलेले उसाचे फड ओलावा पुरवतात. म्हणूनच अजिंक्यताऱ्यावर लख्ख ऊन आणि पायथ्याला दुधाळ थर असे दृश्य दिसते. सूर्य उगवताच हवा किंचित ढवळून धुके थोडा वेळ उलट दाट होते. मग जमीन तापली की कडांकडून विरत जाते.

घाटमाथ्यावरचे पावसाळी धुके म्हणजे खरे तर डोंगराला टेकलेला ढग. कोकणातून येणारी दमट हवा सह्याद्री चढताना दर १०० मीटरला सुमारे १ अंशाने गार होते. तापमान आणि दवबिंदू यांतील फरकाला १२५ ने गुणले की ढगाच्या तळाची उंची मीटरमध्ये अंदाजे मिळते. पायथ्याशी हवा २८ अंश व दवबिंदू २४ असेल तर ढग साधारण ५०० मीटरवर सुरू होतो. सुमारे १,२०० मीटर उंचीचे कासचे पठार त्यात बुडणारच. या धुक्याला वारा लागतोच, आणि ते उन्हाची वाट पाहत नाही: वाऱ्याची दिशा बदलली किंवा हवा कोरडी झाली तरच उठते. आंबेनळी किंवा पसरणी घाटात 'दहा वाजेपर्यंत उघडेल' हा हिशेब त्यामुळे फसतो. अशा वेळी हेडलाइट डिपरवरच ठेवावेत. अप्परचा झोत थेंबांवरून परतून चालकाच्याच डोळ्यांवर येतो.

तासगाव-पलूसच्या द्राक्षबागांना मात्र हिवाळी धुकेच छळते. डाऊनी (केवडा) या द्राक्षरोगाच्या बुरशीला पानावर पाण्याचा पातळ थर हवा असतो, आणि धुक्याने तो सकाळी उशिरापर्यंत टिकतो. ऑक्टोबर छाटणीनंतरचा फुलोरा सापडला तर घडच जातात. भुरी या दुसऱ्या बुरशीजन्य रोगाला ओलसर हवा पुरते, ओले पान लागत नाही. तेव्हा दोन्हींवर एकच फवारणी उपयोगी ठरेल असे धरू नये. फेलफुटी (घड नसलेले जादा फुटवे) वेळेवर काढून वेलीत वारा खेळता ठेवला तर पाने लवकर सुकतात.