ग्राफिक्स कार्ड बदल (जुन्या गेमिंग संगणकातील)

जुन्या गेमिंग संगणकाचा मदरबोर्ड, प्रोसेसर व मेमरी कायम ठेवून केवळ ग्राफिक्स कार्ड अधिक सक्षम बसविण्याची पद्धत. प्रत्यक्ष काढणे-बसविणे सोपे असते. अडचणी येतात त्या बस (कार्ड व मदरबोर्ड यांमधील माहितीचा मार्ग), वीजपुरवठा व बायोस (संगणक सुरू करणारी मदरबोर्डवरील मूळ प्रणाली) यांचा मेळ न बसल्यामुळे.

उगम : या पद्धतीचा आरंभ कधी धरावा, याबाबत एकमत नाही. एक मत १९८० च्या दशकाकडे जाते. आयबीएमच्या सीजीए (१९८१) नंतर ईजीए (१९८४) व व्हीजीए (१९८७) ही चित्रदर्शनाची मानके आली. व्हीजीए मुळात पीएस/२ संगणकांच्या मदरबोर्डवरच होते. जुन्या पीसीसाठी आयबीएमने ते स्वतंत्र कार्ड म्हणूनही विकले. मात्र अशा बदलात बहुधा मॉनिटरही नवा घ्यावा लागे, आणि लाभ मुख्यतः रंगांचा व रिझोल्यूशनचा असे. दुसरे मत ३डीएफएक्स कंपनीच्या व्हूडू कार्डापासून (१९९६) सुरुवात धरते. पण व्हूडू फक्त त्रिमितीय चित्रण करी. द्विमितीय कामासाठी जुने कार्ड जागेवरच राही व त्याचा सिग्नल बाहेरून जोडलेल्या केबलने व्हूडूमार्गे मॉनिटरकडे जाई. ही भर झाली, बदल नव्हे. दोन्ही कामे एकाच कार्डावर समाधानकारक वेगाने करणारी रिव्हा १२८ सारखी कार्डे १९९७ मध्ये आली. एजीपी स्लॉटही (ग्राफिक्स कार्डासाठीची मदरबोर्डवरील खास जोडणी) त्याच सुमाराचा. त्यामुळे आजच्या अर्थाने ही पद्धत सु. १९९७ ते २००० या काळात रुळली, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

बस व लेन : एजीपीच्या आवृत्त्यांत सिग्नलचे व्होल्टेज वेगवेगळे असल्याने स्लॉटमधील खाचा पाहूनच कार्ड निवडावे लागे. पीसीआय एक्सप्रेस या पुढच्या बसने (मदरबोर्डवर २००४ पासून) ही कटकट बरीचशी मिटवली. नवे कार्ड जुन्या स्लॉटमध्ये सहसा चालते. जोडणी मात्र दोहोंपैकी जुन्या आवृत्तीच्या वेगाने होते. लेन म्हणजे या बसमधील माहितीची एकेक वाट. एका लेनचा एका दिशेने वेग पहिल्या आवृत्तीत सेकंदाला २५० मेगाबाइट, दुसरीत ५००, तिसरीत सु. ९८५ व चौथीत सु. १,९७० आहे. सोळा लेनच्या कार्डाला तिसऱ्या आवृत्तीचा बोर्ड गेमसाठी क्वचितच अपुरा पडतो.

स्वस्त कार्डांचे तसे नाही. त्यांतील अनेकांना आठच लेन असतात, काहींना चार. कार्डावरील मेमरी भरली की उरलेली माहिती संगणकाच्या मुख्य मेमरीतून बसमार्गे आणावी लागते आणि लेनची कमतरता तेव्हाच जाणवते. २०२२ मधील रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी हे याचे ठळक उदाहरण : मेमरी ४ गिगाबाइट, लेन चार. चौथ्या आवृत्तीच्या बोर्डवर त्याला सेकंदाला सु. ७.९ गिगाबाइट मिळतात, तिसऱ्यावर निम्मे, दुसऱ्यावर जेमतेम दोन. ज्या जुन्या संगणकासाठी असे कार्ड घेतले जाते, नेमके तिथेच ते सर्वांत जास्त अडते. खरेदीच्या चर्चेत ‘आवृत्ती कोणती’ हेच विचारले जाते. ‘लेन किती’ हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

वीज : स्लॉटमधून कमाल ७५ वॉट मिळतात, सहा पिनच्या जोडणीतून आणखी ७५, आठ पिनच्या जोडणीतून १५०. २०१६ मध्ये आरएक्स ४८० हे कार्ड स्लॉटमधून मर्यादेपेक्षा जास्त वीज ओढत असल्याचे आढळले व उत्पादक एएमडीने नव्या ड्रायव्हरद्वारे (कार्ड चालविणाऱ्या सॉफ्टवेअरद्वारे) ते सुधारले. जुन्या पॉवर सप्लायबाबत एकूण वॉटपेक्षा १२ व्होल्टच्या बाजूची क्षमता पाहणे योग्य. लांब व जाड कार्ड केसमध्ये मावेल का, हे मोजूनच पाहावे लागते.

बायोस : प्रोसेसरला कार्डाची मेमरी पूर्वी साधारणतः २५६ मेगाबाइटच्या खिडकीतून दिसे. ‘रिसायझेबल बार’ या सोयीने संपूर्ण मेमरी एकदम उपलब्ध होते. ही तरतूद पीसीआय एक्सप्रेसच्या नियमांत आधीपासून होती. गेमिंग संगणकांत तिचा प्रसार २०२० च्या अखेरीस एएमडीने ‘स्मार्ट ॲक्सेस मेमरी’ या नावाने ती आणल्यानंतर झाला. इतर कार्डांना तिच्याविना फारसे अडत नाही, पण इंटेलच्या आर्क कार्डांचा वेग बराच घटतो. जुन्या बोर्डवर ती चालू करण्यासाठी नवा बायोस मिळाला, तरी यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) बूट लागतो आणि सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करू देणारी सोय) बंद करावे लागते. विंडोजची डिस्क एमबीआर प्रकारची (डिस्कच्या विभाजनाची जुनी पद्धत) असेल, तर सीएसएम बंद करताच संगणक सुरू होत नाही. आधी डिस्क जीपीटी या नव्या प्रकारात बदलावी लागते. विंडोज १० मधील एमबीआर२जीपीटी हे साधन त्यासाठीच आहे.

प्रोसेसर व ड्रायव्हर : प्रोसेसर मागे पडत असेल, तर नव्या कार्डाने फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रे) वाढत नाहीत, रिझोल्यूशन वाढवल्यास मात्र भार कार्डाकडे सरकतो. कार्डाचा उत्पादक बदलत असल्यास जुने ड्रायव्हर आधी काढून टाकण्याची रीत आहे. विंडोज ७ वापरणाऱ्यांना कार्डाची निवडच मर्यादित राहते, कारण एनव्हिडियाने त्या प्रणालीसाठी नवे गेम ड्रायव्हर देणे २०२१ मध्ये थांबविले.