प्लेटलेट्सचा 20 हजारांचा आकडा आला कुठून

पावसाळा अर्धा सरला की पुण्या-मुंबईतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज सुरू होतात. अर्जंट एसडीपी (एकाच डोनरकडून काढलेल्या प्लेटलेट्सची पिशवी) हवंय, बी पॉझिटिव्ह, डेंग्यू, काउंट 18 हजार. मेसेज वाचणाऱ्याला काही समजावून सांगावं लागत नाही, 20 हजाराच्या खाली गेलं म्हणजे धोका हे आता घराघरात पाठ झालंय. पण हा आकडा डेंग्यूच्या पेशंटांवरून निघालेला नाही, तो साठ वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या ब्लड कॅन्सरच्या वॉर्डातून आलाय, आणि ज्या अभ्यासातून आला असं सगळे म्हणतात त्या अभ्यासात अशी काही रेषा सापडलीच नव्हती. मला या विषयात सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं म्हणून बाकीचा इतिहास भराभर सांगतो.

एकोणिसाव्या शतकात मायक्रोस्कोपखाली रक्तात बारीक ठिपके दिसायचे ते बऱ्याच जणांना पेशींचा कचरा वाटायचा. 1882 मध्ये एका इटालियन डॉक्टरने जिवंत गिनीपिगच्या आतड्याजवळच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या भिंगाखाली धरल्या, एका जागी भिंतीला इजा केली आणि बघत बसला, तर तांबड्या पेशी वाहून जातायत आणि हे ठिपके मात्र नेमके त्या जखमेला येऊन चिकटतायत, एकावर एक थर बसतोय. शाळेच्या पुस्तकात आपण ज्याला रक्तपट्टिका म्हणतो त्यांचं काम त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्याने दिसलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कळलं की या अस्थिमज्जेतल्या मोठाल्या पेशींचे तुटलेले तुकडे आहेत. 1910 मध्ये बोस्टनमध्ये एका तरुण डॉक्टरने कानाच्या पाळीला टोचून रक्त थांबायला किती मिनिटं लागतात ते मोजायची पद्धत मांडली (आपल्याकडे ऑपरेशनआधी बीटी-सीटी करून आणायला सांगतात त्यातली बीटी ती हीच) आणि त्याच लेखात दाखवलं की प्लेटलेट्स अगदी कमी असलेल्या पेशंटला दुसऱ्याचं ताजं रक्त दिलं की काउंट वर येतो, रक्त थांबतं, आणि काही दिवसांत परत पहिल्यासारखं होतं. म्हणजे बाहेरून दिलेल्या प्लेटलेट्स उपयोगी पडतात पण टिकत नाहीत, हे तेव्हाच समजलं होतं.

दुसरीकडे रक्त साकळण्याचा अभ्यास वेगळ्याच वाटेने चालला होता. 1905 च्या सुमारास चार घटकांचा सिद्धांत होता, मग एकेका पेशंटमधून नवनवे घटक सापडत गेले, एकाच घटकाला चार देशांत चार नावं पडली, आणि शेवटी 1962 मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने रोमन आकडे देऊन तो गोंधळ मिटवला. त्यात सहावा क्रमांक रिकामाच राहिला, कारण तो पाचव्याचंच जागं झालेलं रूप निघालं. 1964 मध्ये दोन गटांनी एकाच वर्षी सगळ्या घटकांची साखळी मांडली, एक घटक दुसऱ्याला जागा करतो तो तिसऱ्याला, शेवटी फायब्रिनचं जाळं. पण ही साखळी काचेच्या नळीतली, तिच्यात प्लेटलेटला फारशी जागा नव्हती. रक्त साकळायला किती वेळ लागतो ते बघणाऱ्या पीटी आणि एपीटीटी या टेस्टसाठी तर रक्त जोरात फिरवून प्लेटलेट्स जवळपास काढूनच टाकतात. त्यामुळे पीटी नॉर्मल आली म्हणून प्लेटलेट्स ठीक असं नसतं आणि काउंट कमी म्हणजे रक्त साकळतच नाही असंही नसतं, नातेवाईकांची गल्लत बऱ्याचदा इथेच होते. 2001 च्या आसपास नवं चित्र पुढे आलं, की ही साखळी घडते ती पेशींच्याच अंगावर, मुख्य जोर धरते तो चिकटलेल्या आणि जाग्या झालेल्या प्लेटलेटच्या पृष्ठभागावर, तेव्हा कुठे दोन्ही वाटा एकत्र आल्या.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

1950 च्या दशकात ल्युकेमिया झालेली मुलं मुख्यतः रक्तस्रावाने जायची. नाकातून, हिरड्यांतून, शौचातून रक्त, चादरी भिजलेल्या. काचेच्या बाटल्यांत साठवलेल्या रक्तात प्लेटलेट्स कामाच्या राहत नव्हत्या. मग प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या, रक्त घेऊन, फिरवून, फक्त प्लेटलेट्सचा भाग वेगळा काढून देता यायला लागला, आणि त्याने खरोखर मुलं वाचायला लागली. प्लेटलेट्स देण्याच्या विरुद्ध मला काहीही म्हणायचं नाही, त्या पिशवीने जेवढे जीव वाचवलेत तेवढे फार थोड्या गोष्टींनी वाचवले असतील.

त्याच वॉर्डातल्या डॉक्टरांनी 1962 मध्ये एक लेख लिहिला. रोजचा काउंट आणि त्या दिवशी रक्तस्राव झाला का, याची नोंद घेऊन दोन्ही शेजारी मांडलं. दिसलं ते असं की काउंट जसा खाली जातो तसे रक्तस्रावाचे दिवस वाढत जातात, आणि सगळ्यात जास्त गंभीर रक्तस्राव 5 हजाराच्या खाली. या आकड्यावर सुरक्षित आणि त्या आकड्यावर धोका अशी उडी कुठेच नव्हती आणि लेखात तसं स्पष्ट लिहिलंय, ठरावीक पातळी आढळली नाही. शिवाय त्या काळी ताप आला की अ‍ॅस्पिरिन देत. अ‍ॅस्पिरिनने प्लेटलेट तिच्या आठ-दहा दिवसांच्या उरलेल्या आयुष्यभरासाठी लुळी पडते हे कळायला पुढची पाच-सहा वर्षं जावी लागली, म्हणजे त्या मुलांच्या प्लेटलेट्स नुसत्या कमी नव्हत्या, काहींच्या कामातूनही गेलेल्या असणार.

तरीही त्या लेखाच्या आधाराने 20 हजार ही रेषा रुजली. कोणी ठरवली याचा एक असा क्षण दाखवता येत नाही. मला वाटतं वॉर्डात रात्री अकरा वाजता ज्युनिअर डॉक्टरला वाकडी रेघ असलेला आलेख उपयोगी पडत नाही, त्याला एक आकडा लागतो, आणि 20 हजार हा जरा वरचा, सेफ वाटणारा आकडा होता. एकदा फाईलमध्ये लिहायला लागले की पुढच्या बॅचने तो तसाच उचलला, आणि तीस-पस्तीस वर्षं तो जगभर जवळपास नियम म्हणून चालला.

मधल्या काळात त्याच्याविरुद्ध पुरावा येत होता. 1978 मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी अस्थिमज्जा बंद पडलेल्या पेशंटच्या तांबड्या पेशींना किरणोत्सारी खूण लावून रोज शौचातून किती रक्त जातं ते मोजलं. काउंट 10 हजाराच्या वर असेल तर निरोगी माणसाइतकंच, दिवसाला 5 मिलीच्या आत. 5 ते 10 हजारांत थोडं जास्त. 5 हजाराच्या खाली मात्र एकदम 50 मिलीच्या घरात. म्हणजे रक्तवाहिन्यांची रोजची डागडुजी करायला शरीराला फार थोड्या प्लेटलेट्स लागतात, आपल्याकडे दीड ते साडेचार लाख असतात तो बराचसा साठा जखमांसाठी. हा अभ्यास इतका नेटका आहे की तेव्हाच नियम बदलायला हवा होता, पण बदलला नाही.

बदल झाला तो 1997 च्या इटलीतल्या ट्रायलनंतर. ल्युकेमियाचे साधारण 250 पेशंट, अर्ध्यांना काउंट 20 हजाराच्या खाली गेला की प्लेटलेट्स, अर्ध्यांना 10 हजाराच्या खाली गेला की. मोठा रक्तस्राव दोन्हीकडे जवळपास सारखा, पिशव्या मात्र पाचवा हिस्सा कमी लागल्या. 2010 च्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात 6 हजारापासून 80 हजारापर्यंत रक्तस्रावाचं प्रमाण जवळपास एकसारखं निघालं, 5 हजाराला आणि त्याखाली ते वाढलं. 2013 मध्ये ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या ट्रायलने उलट बाजूही तपासली, रक्तस्राव व्हायच्या आधीच प्लेटलेट्स देणं पूर्ण बंद केलं तर रक्तस्राव वाढतो हे दिसलं, म्हणून ब्लड कॅन्सरमध्ये 10 हजाराला देण्याची पद्धत टिकून आहे.

आणि हे सगळं ब्लड कॅन्सरचं, जिथे अस्थिमज्जाच माल बनवत नाही. डेंग्यूत काउंट बहुतेक वेळा चौथ्या ते सहाव्या दिवशी, ताप उतरताना, तळाला जातो आणि आपोआप वर येतो. तिथे जीवावर येतं ते मुख्यतः रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपल्यामुळे, बीपी पडतं, पीसीव्ही (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) वाढतो. बाहेरून दिलेल्या प्लेटलेट्स त्या दिवसांत फार लवकर नष्ट होतात. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतही रक्तस्राव नसेल तर 10 हजाराच्या खालीच विचार करा असं आहे, रक्तस्राव होत असेल तर गोष्ट वेगळी. 2017 मध्ये सिंगापूर-मलेशियातल्या ट्रायलचा निकाल आला, काउंट 20 हजार किंवा कमी, मोठा रक्तस्राव नाही असे डेंग्यूचे प्रौढ पेशंट, एका गटाला प्लेटलेट्स आणि एकाला नाही. प्लेटलेट्सनी रक्तस्राव टळला असं दिसलं नाही, त्रास मात्र त्या गटात जास्त झाला, 13 जणांना विरुद्ध 2, त्यात अ‍ॅलर्जीची गंभीर रिअ‍ॅक्शन आणि अंगात पाणी जास्त होणं हेही होतं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याला डेंग्यू झाला तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. संध्याकाळचा काउंट 17 हजार. वहिनी रडायला लागली, मी डॉक्टरांशी भांडलो, तुम्ही वाट कसली बघताय म्हणून. त्यांनी शांतपणे त्याच्या हिरड्या बघितल्या, पोट दाबून बघितलं, लघवी किती झाली विचारलं आणि म्हणाले, "रक्त कुठून येतंय दाखवा, आत्ता पिशवी लावतो." स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब, हाताने तपासून घेतला, कारण मशीन कधीकधी नळीतल्या केमिकलमुळे गठ्ठा झालेल्या प्लेटलेट्स मोजतच नाही. रात्रभर सलाईनचा वेग आणि पीसीव्ही बघत राहिले. सकाळी 24 हजार, दुसऱ्या दिवशी 60 च्या वर. तोपर्यंत मी तीन डोनर उभे केले होते.

त्या दिवशी रक्तपेढीत पहिल्यांदा ती पिशवी जवळून बघितली. फिकट पिवळी, उजेडाकडे धरून हळूच हलवली की आत रेशमाच्या कापडासारख्या लाटा फिरतात, टेक्निशियन म्हणाला त्या फिरल्या म्हणजे प्लेटलेट्स जिवंत आणि चपट्या आहेत. थंडीत त्या आकार बदलतात आणि शरीर त्यांना पटकन काढून टाकतं, हे 1969 मध्ये कळल्यापासून त्या फ्रीजबाहेर 22 डिग्रीच्या आसपास, सतत हलत्या ट्रेवर ठेवतात, म्हणून आयुष्य फक्त 5 दिवस. मी होतो तेव्हा ट्रेवर चार पिशव्या होत्या. तीनवर डेंग्यूवाल्यांची चिठ्ठी होती, आणि काउंटरला एक बाई उभी होती, तिच्या मुलाची केमो चालू होती, काउंट 6 हजार, आणि तिला उद्या या म्हणून सांगत होते.