चार जीबी लावली, दिसते सव्वातीन

नागपूरच्या बर्डीवरून ४ जीबी रॅम आणून जुन्या कॉम्प्युटरमध्ये बसवली आणि विंडोजने ३.२५ जीबीच दाखवली, तर रॅमला दोष देण्याची घाई नको. ३२ बिट विंडोज ४०९६ एमबीपर्यंतचेच पत्ते (मेमरीतल्या जागांचे क्रमांक) वापरते आणि त्यातले वरचे काही ग्राफिक्स कार्ड व इतर उपकरणांनी आधीच अडवलेले असतात. तेवढी रॅम पत्त्याविना पडून राहते. ६४ बिट विंडोज टाकून बायोसमधला (बोर्डाच्या मूळ सेटिंगमधला) ‘मेमरी रिमॅप’, म्हणजे अशा रॅमला नवे पत्ते देणारा पर्याय, चालू केला की बहुतेक बोर्डांवर ती मिळते. त्याआधी एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंग प्रोग्रॅमच्या बूट टॅबमध्ये, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्सखाली ‘मॅक्सिमम मेमरी’वर टिक असेल तर काढावी. इंटेल ९४५ चिपसेटवर (बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपवर) मात्र रिमॅपची सोयच नाही. तिथे विंडोज बदलून वेळ दवडू नये.

खरा घोळ इंटेलच्या जी४१ चिपसेटच्या बोर्डांवर होतो. हा चिपसेट रॅमवरची जास्तीत जास्त २ गिगाबिटची चिप ओळखतो. एका बाइटमध्ये आठ बिट, तेव्हा ४ जीबी म्हणजे ३२ गिगाबिट, म्हणजे रॅमच्या एका स्टिकवर (पट्टीवर) १६ चिप हव्यात, दोन्ही बाजूंना आठ-आठ. नंतरच्या काळातल्या ४ जीबी डीडीआर३ स्टिकवर बहुधा आठच असतात, प्रत्येकी ४ गिगाबिटच्या. खाच जुळते, स्टिक नीट बसते, स्क्रीन काळीच. दुकानदार ‘चालून जाते ना भाऊ’ म्हणेल. आपण चिप मोजाव्यात.

काहीही न बदलता कॉम्प्युटर चालू करताना बीप वाजू लागले तर बहुधा रॅमचा स्लॉटशी संपर्क बिघडलेला असतो. कूलरची दमट हवा आणि धूळ थेट कॅबिनेटवर येत असेल तर हे होणारच. पॉवर केबल काढून बटण काही सेकंद दाबून ठेवा, स्टिकच्या सोनेरी पिना पांढऱ्या खोडरबराने हलक्या पुसा, भुगा झटका, आणि लॉक खट् वाजेपर्यंत स्टिक दाबा.

पुढे मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून चालवा, एका वेळी एकच स्टिक लावून. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे गळका विद्युतभार. तो साधारण ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरावा लागतो आणि उष्णतेत गळती वाढते. म्हणून सकाळी पास झालेली कमजोर स्टिक मे महिन्यात, पारा ४५ वर असताना, दुपारी नापास होऊ शकते. चाचणी दुपारीच घ्यावी. चूक दुसऱ्या स्लॉटमध्येही त्याच पत्त्यावर आली तर स्टिक बदला. पत्ते दर वेळी वेगळे येत असतील तर आधी दुसरा पॉवर सप्लाय लावून पाहा.