सीए खोली आणि एमएपी पिशवी : भाजीभोवतीची हवा सांभाळतं कोण?

मराठवाड्यातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या बैठकांत साठवणुकीचा विषय निघाला की दोन नावं एका दमात घेतली जातात, सीए आणि एमएपी. सीए म्हणजे नियंत्रित वातावरणातली साठवण. एमएपी म्हणजे बदललेल्या वातावरणातलं पॅकिंग. दोन्हींत भाजीभोवतीचा ऑक्सिजन कमी असतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढलेला असतो. त्यामुळे एकच तंत्र, एक मोठं आणि एक छोटं, असा समज होतो. या समजावर विसंबून पैसा गुंतवू नये, असं मला कळकळीनं वाटतं.

काढणीनंतरही भाजी श्वास घेतच असते. साठवलेली साखर जाळते, उष्णता सोडते, पाणी गमावते. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो. तो २ ते ५ टक्क्यांवर आणला की बऱ्याच भाज्यांचा श्वास मंदावतो, पिकवणाऱ्या इथिलीन वायूचा जोर ओसरतो आणि पाला हिरवा राहतो. मात्र तो आणखी उतरून १ टक्क्याच्या आसपास गेला, तर भाजी आतून आंबते आणि तिला दारूसारखा वास येतो. फायदा आणि नासाडी यांच्यात एवढंच अंतर आहे. ते अंतर कोण राखतं, यावर सीए आणि एमएपी वेगळे होतात.

सीए खोलीत ते काम यंत्रं करतात. खोली आधी शीतगृहासारखी थंड करायची. तिच्या भिंती, छत आणि दार हवाबंद असावं लागतं. माल भरून दार लावलं की नायट्रोजन सोडून ऑक्सिजन खाली आणतात. भाजीनं सोडलेला जादा कार्बन डायऑक्साइड शोषून काढतात. पूर्वी त्यासाठी विरलेला चुना ठेवत, आता बहुधा सक्रिय कोळशाची यंत्रं असतात. मोजमाप सतत चालू असतं आणि आकडा सरकला की यंत्रणा तो जागेवर आणते. केंब्रिजमध्ये किड आणि वेस्ट या संशोधकांनी १९२०च्या दशकात याचा पाया घातला आणि १९२९ मध्ये इंग्लंडच्या केंट परगण्यात सफरचंदांसाठी पहिलं व्यापारी कोठार उभं राहिलं. हंगाम सरून कित्येक महिने उलटल्यावरही हिमाचलचं करकरीत सफरचंद संभाजीनगरच्या गाड्यांवर दिसतं, ते अशाच खोल्यांमुळे.

एमएपी पिशवीत यंत्र नाही. भाजी स्वतःच्या श्वासानं आतला ऑक्सिजन संपवते, कार्बन डायऑक्साइड सोडते आणि पिशवीच्या पातळ फिल्ममधून दोन्ही वायू हळूहळू ये-जा करतात. भाजी जितका ऑक्सिजन वापरते तितकाच बाहेरून आत येऊ लागला की हवा एका पातळीवर स्थिरावते. आपल्याकडच्या जुन्या पेवात यातला पहिला भाग घडायचा. जमिनीखाली बंद केलेलं धान्य आणि त्यातले किडे आतली हवा वापरून संपवायचे. पेव उघडल्यावर लगेच आत उतरू नका, असं जुनी माणसं बजावत, ते त्यासाठीच.

पिशवीचा हिशोब जुळवताना भाजी कोणती, वजन किती, फिल्म कसली आणि तापमान किती, हे सगळं धरलेलं असतं. यातलं तापमान आपल्याकडे सगळ्यात आधी हुकतं. दहा अंश तापमान वाढलं की भाजीचा श्वास दुप्पट-तिप्पट होतो. फिल्ममधून वायू जाण्याचा वेग मात्र त्या मानानं फारच कमी वाढतो. कोल्ड रूममध्ये नीट राहिलेली पिशवी मे महिन्यात परभणी-नांदेडच्या चाळिशीपार उन्हात उघड्या टेंपोत टाकली, तर आतला ऑक्सिजन बघता बघता संपतो. दुसऱ्या दिवशी ग्राहक पिशवी उघडतो तेव्हा कोथिंबीर हिरवीच दिसते, पण वास सांगतो की माल गेला. शेतातून आलेली गरम भाजी तशीच पिशवीत भरली, तर आत घाम सुटतो आणि सड लागते. आधी प्रीकूलिंग, म्हणजे भाजी भरण्यापूर्वी गार करणं, मग पिशवी, आणि पुढे विक्रीपर्यंत गारवा. ही साखळी नसेल तर एमएपीवर पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

सीए खोलीच्या अटी निराळ्याच. तिथे महिन्यांचा हिशोब असतो. एका खोलीत शक्यतो एकच पीक, एकाच पक्वतेचं, थोड्या दिवसांत भरायचं आणि दार उघडलं की माल काढायचाच. रोज सकाळी दहा क्रेट काढून जाधववाडीच्या बाजारात पाठवायचे असतील, तर ही खोली आपल्या कामाची नाही. दर वेळी दार उघडताना आतली सगळी हवा बिघडते. वीज गेली की गारवा उतरतो आणि बंद खोलीत ऑक्सिजन ठरलेल्या पातळीखाली घसरू लागतो.

पीक बघूनच निर्णय घ्यावा लागतो. कोबी सीएत छान टिकतो. शून्य अंशाजवळ, २ ते ५ टक्के ऑक्सिजनमध्ये तो पाच-सहा महिने राहू शकतो. फक्त तेवढे महिने थांबून भाव मिळेल का, हे आधी बघावं. हिरवट टोमॅटोचं पिकणं ३ ते ५ टक्के ऑक्सिजनमध्ये लांबतं, पण त्याला बारा-तेरा अंशच हवेत. दहाच्या खाली जास्त दिवस ठेवला तर थंडीनं इजा होते आणि तो नीट रंगत नाही. म्हणजे कोबी आणि टोमॅटो एका खोलीत नांदत नाहीत.

सिल्लोड-भोकरदनच्या हिरव्या मिरचीबद्दल मुद्दाम लिहितो, कारण तिच्यासाठी महागडी पिशवी सुचवली जाते. वायू बदलल्यानं मिरचीला फारसा लाभ नाही. कार्बन डायऑक्साइड वाढला तर उलट डाग पडतात. मिरची सुरकुतते ती पाणी उडाल्यानं. पिशवीत ती ताजी दिसते ती मुख्यतः अडलेल्या ओलाव्यामुळे, आणि एवढं काम साधी भोकं असलेली पिशवी सात ते दहा अंशांत करते.

कांद्याची गोष्ट वेगळीच. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात विडालिया हा गोड कांदा सीएत ठेवतात, पण तो मुळातच कमी टिकणारा. वैजापूर-गंगापूरकडचा उन्हाळी कांदा उघड्या हवेच्या चाळीत टिकतो. त्याला कोरडी, खेळती हवा लागते. हवाबंद पिशवीत तो नासतो.

आणि जिवाची गोष्ट. चालू सीए खोलीत माणसानं पाऊल टाकायचं नाही. एवढ्या कमी ऑक्सिजनमध्ये एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते, कसलाही वास येत नाही आणि काढायला गेलेला दुसराही तिथेच पडतो. कुलूप, मराठीत मोठ्या अक्षरांतली पाटी, ऑक्सिजन मोजायचा मीटर आणि खोली पुरती हवेशीर होईपर्यंत थांबायची शिस्त नसेल, तर खोली बांधूच नये.

पिशवी विकणारा दारात आला तर त्याला विचारा, ही फिल्म कोणत्या भाजीसाठी, किती किलोसाठी आणि किती अंशांसाठी आहे? तो "सगळ्या भाज्यांना चालते" म्हणाला, तर तो साधं प्लास्टिकच एमएपीच्या भावानं विकतोय.