फ्रेंच परफ्यूम म्हणजे निव्वळ फुलांचा अर्क?

‘अस्सल फ्रेंच परफ्यूममध्ये फक्त फुलांचा अर्क, रसायन असेल तर माल नकली,’ हा जुना फॉरवर्ड. तसं वाटणं साहजिक आहे, जाहिरातीत फ्रान्समधल्या ग्रास या गावचे जाईचे मळेच दिसतात! जाई वापरतातही; शेकडो किलो फुलांतून जेमतेम किलोभर अर्क निघतो. पण १९२१ साली पॅरिसच्या एका फॅशन हाउसने आणलेलं ‘नंबर ५’ हे परफ्यूम वेगळं ठरलं, ते जाई-गुलाबाला दिलेल्या कृत्रिम अल्डिहाइडच्या (वासाच्या रसायनांच्या) जोडीमुळे.

पडताळायचं असेल तर परफ्यूमच्या वर्णनात ‘लिली ऑफ द व्हॅली’ शोधा. या फुलातून नेहमीच्या पद्धतींनी अत्तरजोगा अर्क मिळत नाही, त्यामुळे तो वास बहुतेक वेळा प्रयोगशाळेतच जुळवतात. कितीही महागड्या बाटलीसाठी. नकलीची शंका असेल तर विक्रेता आणि पावती तपासा.